चाई : केस जातात, मूळ राहते

डोक्यावर मध्येच रुपयाच्या नाण्याएवढी जागा गुळगुळीत होते. तेथे खाज नसते, कोंडा नसतो, वेदना तर नसतेच. ज्याला ती होते त्याला ती बहुधा दिसत नाही. वेणी घालताना आईला दिसते, नाहीतर केस कापताना कारागिराला. मग त्या नाण्याएवढ्या जागेवर घरात जेवढा खल होतो, तेवढा दुकानाच्या ताळेबंदावरही होत नसेल. कोणी म्हणते कीड लागली, कोणी म्हणते रात्री झुरळाने कुरतडले, कोणी नव्या शाम्पूला दोष देते, आणि घरातील वडीलधारे एक निःश्वास सोडून पूर्वकर्माचे नाव घेतात. या सगळ्यात खरे कारण मात्र क्वचितच उच्चारले जाते.

मराठीत या विकाराला चाई म्हणतात. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये इंद्रलुप्त या नावाने तो येतो. आधुनिक वैद्यकातील नाव अलोपेशिया एरिआटा. त्यातील पहिला शब्द ग्रीक भाषेतील कोल्ह्यावरून आला. खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस पुंजक्यापुंजक्याने झडतात, म्हणून. म्हणजे माणसाला हा विकार किमान दोन हजार वर्षे ठाऊक आहे आणि तो दुर्मीळही नाही. शंभर माणसांपैकी सुमारे दोघांना आयुष्यात केव्हातरी चाई होते. दोनशे उंबऱ्यांच्या आपल्या एखाद्या गावच्या संघात हजार माणसे धरली, तर वीस जणांचा हा प्रश्न झाला. तरीही आपल्याला तो कोठे दिसत नाही, कारण तो टोपीखाली, पदराखाली आणि विगखाली राहतो.

आता त्याचे कारण पाहू. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या पहारेकरी असतात. जंतू आला की त्याला ओळखून नष्ट करणे हे त्यांचे काम. केसाचे मूळ ही शरीरातील एक राखीव जागा आहे. सामान्यतः हे पहारेकरी तिकडे फिरकत नाहीत. चाईमध्ये हे संरक्षण ढासळते. पहारेकऱ्यांची एक तुकडी केसाच्या मुळालाच परका समजून त्याच्याभोवती गर्दी करते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य पोळ्याभोवती घोंगावणाऱ्या मधमाश्यांसारखे दिसते, असे वर्णन त्वचारोगाच्या पुस्तकांत येते. मूळ घाबरून काम थांबवते आणि केस गळून पडतो. शरीराने शरीरावरच केलेल्या या चुकीच्या हल्ल्याला डॉक्टर ऑटोइम्यून विकार म्हणतात. काही प्रकारचे थायरॉइडचे आजार आणि कोड हीदेखील याच कुळातील मंडळी, म्हणून चाईच्या रुग्णाला डॉक्टर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात तेव्हा ती अनावश्यक समजू नये.

मात्र या हल्ल्यात मूळ मरत नाही, आणि पुढचे सारे याच एका गोष्टीवर उभे आहे. बँकेत एखाद्या खात्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय खात्यांच्या यादीत जाते. ते बंद झालेले नसते. खाते क्रमांक तोच असतो, शिल्लक तीच असते, योग्य कागदपत्रे दिली की व्यवहार पुन्हा सुरू होतात. चाईच्या चट्ट्याखालील केशमुळे अशीच असतात. भाजल्याने किंवा खोल जखमेने झालेल्या टकलात मूळच नष्ट होते. तेथे हे लागू नाही. चाईत वर्षानुवर्षांनंतरही केस परत येऊ शकतात, ते याच कारणाने.

एक-दोन लहान चट्टे असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांचे केस कोणताही उपचार न करता वर्षभरात परत येतात. ही वस्तुस्थिती दिलासा देणारी आहे, आणि तीच सर्व भोंदूगिरीचे भांडवलही आहे. कारण शंभरांपैकी पन्नासांचे केस आपोआप येणार असतील, तर त्या शंभरांना साधे पाणी विकणाऱ्यालाही पन्नास प्रशस्तिपत्रे मिळतील. गुंज उगाळून लावणे, चट्टा खरखरीत वस्तूने घासून रक्त काढणे, लसूण चोळणे या सर्व उपायांची कीर्ती अशीच वाढली. गुंजेचे बी विषारी असते, एवढे तरी लहान मुलांच्या बाबतीत विसरू नये. कांद्याच्या रसाविषयी आपल्या घरांतून विशेष विचारणा होते. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी त्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि निष्कर्ष अनुकूल निघाले, हे खरे. पण त्यात रुग्ण अवघे 38 होते. तेवढ्या आधारावर ज्या घरात कांदा येत नाही तेथे तो आणण्याचे काही कारण मला दिसत नाही.

चाईसारखे दिसणारे इतर प्रकारही आहेत. मुलांच्या डोक्यावर बुरशीचा संसर्ग होतो, त्यातही केस पुंजक्याने जातात. पण तेथे खवले असतात, खाज असते, आणि तो एकाकडून दुसऱ्याला होतो. चाई कोणाकडून कोणाला होत नाही. तिच्यासाठी वेगळा कंगवा, वेगळी उशी ठेवणे किंवा मुलाला पाठशाळेत न पाठवणे हा निव्वळ अन्याय आहे. चट्ट्याच्या कडेला वर जाड आणि मुळाशी निमुळते होत गेलेले आखूड केस दिसले, किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले, तर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा पाहताक्षणीच निदान करतो. चाई पांढऱ्या केसांना बऱ्याचदा सोडून देते. म्हणून एखाद्या प्रौढ माणसाचे काळे केस भराभर गळून फक्त पांढरे उरतात आणि लोक म्हणतात, चिंतेने एका रात्रीत पिकला. केस परत येतानाही प्रथम पांढरे, मऊ, लव्हेसारखे येतात आणि पुढे काळे होतात. तेव्हा पहिले पांढरे केस पाहून निराश होण्याऐवजी आनंद मानावा.

आपल्या समाजापुरता आणखी एक फरक सांगणे आवश्यक आहे. मासक्षमण, वर्षीतप किंवा दीर्घ उपवासानंतर दोन-तीन महिन्यांनी अनेक भगिनींचे केस विंचरताना मूठमूठ गळतात आणि घर हादरते. ती चाई नव्हे. शरीराला मोठा ताण पडला की पुष्कळशी केशमुळे एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि त्यांचे केस काही आठवड्यांनी एकदम गळतात. बाळंतपणानंतर, विषमज्वरानंतर, कोविडनंतरही हेच झालेले आपण पाहिले. यात गोल चट्टा पडत नाही, सर्व डोके विरळ होते, आणि आहार सुरळीत झाल्यावर सहा-आठ महिन्यांत बहुधा भरून येते. दोन्ही गोष्टींना एकच तेल विकणारा माणूस दोन्हींपैकी एकही जाणत नाही, असे खुशाल समजावे.

उपचारांकडे वळताना माझ्या नात्यातील एका घराचा अनुभव सांगतो. तालुक्याच्या गावी कापडाचे जुने दुकान. थोरली मुलगी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना मानेच्या वर दोन चट्टे दिसले. जाहिरात पाहून वडिलांनी तिला शहरातील एका केशोपचार केंद्रात नेले. तेथे ऐंशी हजार रुपयांचे वर्षभराचे पॅकेज मासिक हप्त्यांवर घेतले गेले आणि केस उगवण्याची लेखी हमी देण्यात आली. तो कागद त्यांनी मला दाखवला. मी आयुष्यभर बँक गॅरंटीचे कागद वाचले आहेत. गॅरंटीला मुदत असते, रक्कम असते, आणि मागणी कोणी, केव्हा, कशी करायची याचे कलम असते. त्या कागदावर यातील काहीच नव्हते. दहा महिन्यांत दोनाचे सात चट्टे झाले. नंतर एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात केसपेपर काढून मुलीला दाखवले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आजाराचे नाव सांगितले. त्या केंद्राच्या कोणत्याही पावतीवर ते नाव नव्हते.

मर्यादित चट्ट्यांवर प्रौढांसाठी आजही पहिला उपचार म्हणजे चट्ट्यातच स्टेरॉइडची अगदी बारीक इंजेक्शने देणे. ती चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात आणि परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. स्टेरॉइड हा शब्द ऐकून अनेकजण उठून येतात. परंतु ही मात्रा अल्प आणि स्थानिक असते. क्वचित त्या जागी त्वचा थोडी खोल जाते, ती बहुधा पुढे भरून येते. लहान मुलांना सुया सोसवत नाहीत, म्हणून त्यांना लावण्याचे औषध देतात. जोडीला मिनॉक्सिडिल देतात, पण ते एकटे पुरेसे नाही. मोठ्या भागावर काही ठिकाणी एक रसायन दर आठवड्याला लावून मुद्दाम सौम्य ॲलर्जी निर्माण केली जाते. पहारेकऱ्यांचे लक्ष दुसरीकडे वळवण्याची ही युक्ती काही रुग्णांत यशस्वी होते. केशरोपण मात्र चाई सक्रिय असताना करू नये. नवे लावलेले मूळही त्याच हल्ल्यात सापडते, आणि खर्च लाखांत जातो.

वेगाने पसरणाऱ्या चाईत डॉक्टर काही काळ स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. येथे आपल्या घरांनी विशेष सावध राहिले पाहिजे. रोज बराच काळ घेतलेल्या या गोळ्या एकदम थांबवता येत नाहीत. त्या काळात शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते आणि अचानक खंड पडला तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येते. पर्युषणात अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतले आणि पाण्याखेरीज काही नको म्हणून गोळीही सोडली, असे घडता कामा नये. दशलक्षणातील निर्जल उपवासांनाही हेच लागू. तपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना, दोघांनाही औषधाची कल्पना द्यावी. आजारी व्यक्तीने औषध सोडून तप करावे असा आग्रह माझ्या ऐकण्यातील कोणत्याही महाराजसाहेबांनी धरलेला नाही. आग्रह धरतात ते शेजारी.

गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रात खरोखरच मोठा पालट झाला आहे. 2014 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एका पंचवीस वर्षांच्या तरुणावर, ज्याच्या अंगावर एकही केस उरला नव्हता, त्याच्या दुसऱ्या एका त्वचाविकारासाठीही उपयोगी पडेल म्हणून सांधेदुखीवरील टोफासिटिनिब हे औषध वापरले गेले. आठ महिन्यांत त्याचे सर्व केस परत आले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या कुळातील औषधे पहारेकरी पेशींना मिळणारा हल्ल्याचा निरोपच कसा अडवतात, हे दाखवून दिले. त्या चमूतील अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःला चाई झालेली होती. पुढे 13 जून 2022 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बॅरिसिटिनिब या गोळीला प्रौढांमधील तीव्र चाईसाठी मान्यता दिली. या विकारावर पोटात घेण्याच्या औषधाला मिळालेली ही तेथील पहिलीच मान्यता. 2023 मध्ये रिटलेसिटिनिब हे दुसरे औषध बारा वर्षांवरील मुलांनाही खुले झाले. बॅरिसिटिनिबचे नाव आपल्याकडे अनेकांनी कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऐकले असेल. 2021 साली मूळ अमेरिकी कंपनीने कोविडच्या उपचारासाठी काही भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने दिले होते.

व्यापारी माणसाने येथे आकडे नीट वाचावेत. मान्यतेपूर्वी दोन मोठ्या चाचण्यांत मिळून 1,200 रुग्ण होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावरील निम्मे किंवा त्याहून अधिक केस गेलेले होते. छत्तीस आठवड्यांनंतर डोक्याचा 80 टक्के भाग केसांनी झाकला जाणे, ही यशाची कसोटी ठेवली होती. मोठ्या मात्रेच्या गटात पहिल्या चाचणीत 38.8 टक्के आणि दुसरीत 35.9 टक्के रुग्ण या कसोटीला उतरले. नुसती औषधाविना गोळी घेतलेल्यांत हेच प्रमाण 6.2 आणि 3.3 टक्के होते. म्हणजे औषध निश्चित काम करते, पण छत्तीस आठवड्यांनी तिघांपैकी साधारण एकाला भरघोस यश मिळते. शंभर टक्के म्हणणारा खोटे बोलतो आणि काही उपयोग नाही म्हणणाराही. शिवाय औषध थांबवले की बहुतेकांचे केस पुन्हा जाऊ लागतात. तेव्हा हा एकदाचा भांडवली खर्च नसून आवर्ती खर्च आहे, असे धरूनच निर्णय घ्यावा. मासिक खर्च किती आणि किती वर्षे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

जोखीमही आहे. पहारेकऱ्यांना शांत करणारे औषध खऱ्या चोरालाही वाट देऊ शकते. म्हणून सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची आणि काविळीच्या विषाणूंची तपासणी, यकृत आणि रक्तातील चरबीच्या चाचण्या आवश्यक असतात. आपल्या देशात तर क्षयाची तपासणी कधीही टाळू नये. रक्तात गुठळी होणे, हृदयविकार, काही कर्करोग यांविषयीची ठळक सूचना या औषधांच्या माहितीपत्रकावर छापलेली असते. गर्भधारणेच्या काळात ही औषधे चालत नाहीत, हे लग्न ठरलेल्या मुलीला आणि तिच्या आईला आधीच माहीत हवे. चौविहाराची अडचण मात्र नाही. बॅरिसिटिनिब दिवसातून एकदाच आणि जेवणाआधी किंवा नंतर केव्हाही घेता येते, त्यामुळे नवकारसीनंतर, म्हणजे सूर्योदयापासून 48 मिनिटांनी, ती गोळी सहज घेता येईल. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, हे औषध लिहून देतानाच विचारून घ्यावे. बहुतेक वेळा पर्याय निघतो.

धर्माच्या अंगाने दोन शब्द. आपल्या साधू-साध्वी स्वहस्ते केशलोच करतात आणि आपण त्यांच्या त्या मस्तकापुढे नतमस्तक होतो. यावरून काही मंडळी चाई झालेल्या मुलीला सांगतात, केसांचा मोह कशाला? हा उपदेश मला अस्थानी वाटतो. केशलोच हा स्वीकारलेला त्याग आहे; चाई ही विचारता लादली गेलेली हानी आहे. ज्याने देऊन टाकले आणि ज्याचे चोरीला गेले, त्या दोघांना एकाच पंगतीत कसे बसवणार? श्रीपाळ-मयणासुंदरीची कथा आपण दर ओळीला ऐकतो. त्यात श्रीपाळाच्या रोगाची किळस न करणारी मयणा आपल्याला पूज्य आहे. मग आपल्याच घरातील सुनेच्या डोक्यावरचा चट्टा पाहून आपण तोंड का फिरवतो? न्हवणजल श्रद्धेने अवश्य लावावे, आयंबील प्रकृतीला झेपेल तर अवश्य करावे; त्यासाठी डॉक्टरांची तारीख चुकवण्याची गरज नाही. आणि असाता वेदनीय कर्माचा सिद्धांत स्वतःचे दुःख समभावाने सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या मुलीकडे बोट दाखवण्यासाठी नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न, विवाहाचा. परिचयपत्रात उंची, शिक्षण, गोत्र, मामकुळ सारे छापले जाते. चाईचा उल्लेख कोणी करत नाही. बहुतेक घरांत ती विगखाली झाकूनच सगाई होते. 2019 मध्ये आलेल्या ‘बाला’ या हिंदी चित्रपटात टक्कल लपवून केलेल्या लग्नाचे जे होते, ते पाहून आपण हसलो. तेथे नायक पुरुष होता आणि विकार वेगळा होता. हिंदू विवाह कायदा, 1955 जैनांनाही लागू आहे, आणि महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल तर फसवणूक उघड झाल्यापासून वर्षभरात विवाह रद्द करण्याची मागणी करण्याची तरतूद त्यात आहे. चाई त्या व्याख्येत बसते की नाही हे वकील आणि न्यायालय पाहतील. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बंद खोलीत विग उतरवण्याचा प्रसंग ज्या मुलीवर येतो, तिला तो खटल्याहून भारी असतो.

म्हणून माझा सल्ला असा, की मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडल्यावर आणि सगाई होण्यापूर्वी, दोन्हीकडील वडीलधाऱ्यांच्या बैठकीत हे स्पष्ट सांगावे. सांगताना डॉक्टरांचे कागद सोबत ठेवावेत. समोरच्यांच्या मनात असणारे प्रश्न ठरलेले आहेत. हा आजार संसर्गजन्य आहे का? नाही. आयुष्य कमी होते का? नाही. अपत्यप्राप्तीला अडथळा येतो का? चाईमुळे येत नाही. औषध सुरू असेल तर ते कधी थांबवायचे हे डॉक्टर सांगतील. मुलांना होईल का? आई किंवा वडिलांना चाई असलेल्या शंभर अपत्यांपैकी साधारण पाच-सहांना ती होते, म्हणजे चौऱ्याण्णव-पंचाण्णवांना होत नाही. एवढे ऐकून काही घरे नकार देतील. काही घरे मात्र विचार करायला दोन दिवस मागतील आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून फोन येईल की त्यांच्याही थोरल्या काकूंना हेच आहे, पण आजवर बाहेर कोणाला सांगितलेले नाही.